कंटेनर, बत्तीस फुटी आणि टँकर: कुठल्या गाडीला कोणतं सील लावावं?

तळोजा_डिस्पॅच

नमस्कार मंडळी. तळोजा एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या केमिकल कारखान्याचं डिस्पॅच मी बघते. सिलांची खरेदी आजवर परचेसवाले करायचे, आता ती आमच्या गळ्यात आली आहे. आमच्याकडून तीन तऱ्हेचा माल बाहेर पडतो.

एक, निर्यातीचा. ड्रम आणि बॅगा, फॅक्टरी स्टफिंग (कंटेनर कारखान्यातच भरून सील करायचा), २० आणि ४० फुटी कंटेनर, सगळे न्हावा शेवाला. महिन्याला २०-२५.

दोन, देशातला. बत्तीस फुटी बंद बॉडीच्या गाड्या, बहुतेक भिवंडीच्या डेपोला. काही गाड्या वाटेत दोन-तीन ठिकाणी माल उतरवत जातात.

तीन, टँकर. त्यात कॉस्टिक लायचे आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचेही आहेत.

निर्यातीचा माल सोडला तर सगळीकडे एकच पिवळं प्लास्टिकचं खेचसील (पट्टी ओढून घट्ट करायचं सील) लावतात. कुठे कोणतं सील घ्यावं, विक्रेता देतो ते सर्टिफिकेट खरं की खोटं कसं ओळखावं, आणि बत्तीस फुटीत सील शाबूत, नंबर जुळतो, तरी डेपोत बॅगा कमी भरतात ते कशामुळे, हे सांगाल का? नुसतं "चांगल्या कंपनीचं घ्या" असं नको, नेमकं काय तपासायचं ते हवंय.

---

बॉडीवर्क_कळंबोली

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटल्याशिवाय महागातलं सील घेऊन काही उपयोग नाही.

सील शाबूत आणि माल कमी, याचे अर्थ दोनच. एकतर माल मुळातच कमी चढला, नाहीतर सिलाला हात न लावता दार उघडलं. पहिली शक्यता आधी निकालात काढा. टॅली बॅगा चढताना दारात उभं राहून होते, की गाडी भरल्यावर चलनावरून, म्हणजे मालासोबतच्या कागदावरून, लिहिली जाते, ते स्वतः उभं राहून बघा.

आता दार. बत्तीस फुटी बॉडी ज्याच्या त्याच्या बॉडीबिल्डरकडे बनते, त्यामुळे प्रत्येक दार वेगळं. सील ज्या कडीत अडकवता ती पट्टी बऱ्याच गाड्यांत नुसत्या नट-बोल्टवर असते, आणि नट बाहेरच्या अंगाला. आठ एमएमचा बोल्ट असला तर १३ नंबरचा पाना पुरतो. दोन नट काढले की पट्टी सिलासकट दारापासून सुटते, माल काढून झाला की परत आवळायची. सिलाला ओरखडासुद्धा येत नाही. बत्तीस फुटीतल्या चोरीचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, आणि तिथे एक टन ताण सोसणारं सील लावलं काय आणि प्लास्टिकचं लावलं काय, सारखंच.

गाडी लोडिंगला लागायच्या आधी दार बंद करून पाच जागा बघा.

कडीच्या पट्टीचे बोल्ट. गोल डोक्याचा बोल्ट बाहेरून आणि नट आतून हवा, आतल्या नटाला वेल्डिंगचा टाका हवा. नटाच्या कोपऱ्यांवर पान्याच्या ताज्या खुणा दिसल्या, किंवा सगळी पट्टी गंजलेली आणि नट तेवढे चकचकीत असले, तर गाडी परत पाठवा.

बिजागऱ्यांच्या पिना. दोन्ही टोकांना वेल्ड नसेल तर पिन खालून ठोकली की वर निघते आणि दार बिजागरीच्या बाजूने उघडतं.

लॉकिंग रॉडचे ब्रॅकेट. रॉड वर-खाली किती हलतो ते हाताने हलवून बघा. कॅम, म्हणजे रॉडच्या टोकाचा अडकणारा तुकडा, झिजला असेल तर हँडल कडीत असतानाही रॉड इतका फिरतो की पहारीने दाराची फट वाढवता येते.

रॉडची वरची आणि खालची टोकं. कीपर, म्हणजे ज्या खाचेत कॅम बसतो तो तुकडा, वाकलेला नको.

पत्रा आणि छप्पर. पॉप रिव्हेटची एखादी ओळ बाकीच्यांपेक्षा नवी दिसते का? विशेषतः केबिनच्या मागच्या बाजूला आणि छपराच्या कडेला.

बंदरावर जाणाऱ्या कंटेनरचं दार पुष्कळ पक्कं असतं, पण त्यातही एक कच्चा दुवा आहे. हँडल आणि उभा रॉड एका रिव्हेटने जोडलेले असतात. त्या रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने उडवलं की हँडल कडीत सिलासकट तसंच राहतं आणि रॉड मोकळा फिरतो. काम झालं की खोटं डोकं चिकटवून वर रंग मारतात. म्हणून चारही हँडलांचे रिव्हेट एकमेकांशी ताडून बघा. डोक्याचा आकार, रंगाची छटा, कडेला पुटी, सगळं. हातोडीने हलकेच टोला द्या. पक्का रिव्हेट खणखणीत वाजतो, चिकटवलेला बद्द. रिव्हेटच्या जागी नट-बोल्ट दिसला तर तो रिकामा कंटेनर घेऊच नका, यार्डातून बदलून मागा.

आजकालच्या बऱ्याच कंटेनरांत उजव्या दाराच्या आतल्या रॉडला, कॅम-कीपरजवळ, सिलासाठी वेगळं भोक दिलेलं असतं. ते असेल तर सील तिथेच लावा. तिथलं सील रॉडलाच धरतं, त्यामुळे हँडलचा रिव्हेट काढून काही साधत नाही. ते भोक नसेल तर उजव्या दाराच्या हँडलच्या कडीत लावा. नेहमी उजवंच, कारण उजवं दार डाव्यावर चढतं आणि ते उघडल्याशिवाय डावं उघडत नाही. डाव्याला सील लावून उजवं मोकळं सोडलेल्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात.

---

क्वालिटी_रबाळे

वरचं उत्तर कागदावर उतरवून लोडिंग बेवर लावा, एवढं कामाचं आहे. मी सिलाच्या दर्जाबद्दल लिहितो.

मानक आहे आयएसओ १७७१२, आवृत्ती २०१३ ची. त्यात तीन वर्ग आहेत. 'आय' म्हणजे नुसतं सूचक, 'एस' म्हणजे मधलं आणि 'एच' म्हणजे हाय सिक्युरिटी. 'एच' साठी सिलाने ओढीचा ताण किमान १० किलोन्यूटन सोसायचा, म्हणजे साधारण एक टन वजन टांगल्याइतका. कात्रीची कसोटी ३.३३६ किलोन्यूटनची, वाकवण्याची ५० न्यूटन-मीटरची आणि घावाची ४०.६८ जूलची. 'एस' ला ओढीचा आकडा २.२७ किलोन्यूटनवर येतो. तुमचं पिवळं खेचसील 'आय' वर्गातलं. ते हाताने झटका देऊन किंवा साध्या कटरने तुटतं आणि तसंच अपेक्षित आहे.

हे आकडे मुद्दाम दिले, कारण "एच ग्रेड आहे" असं कोणीही तोंडाने सांगतो. विक्रेत्याकडून तीन कागद मागा. ताकदीच्या चाचणीचा रिपोर्ट, छेडछाड उघडी पडते की नाही याच्या चाचणीचा रिपोर्ट, आणि उत्पादकाच्या कारखान्यातल्या पद्धती मानकाला धरून आहेत याचं प्रमाणपत्र. पहिला एकटा कागद दाखवून तिन्ही आहेत असं भासवणारे बरेच भेटतात. प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ ची मान्यता असलेली आणि उत्पादकाशी संबंध नसलेली हवी. रिपोर्टवरचा मॉडेल नंबर आणि तुमच्या हातातल्या सिलाचा मॉडेल नंबर एकच आहे का, हे तर आधी बघा. बनवाबनवी बहुतेक तिथेच असते.

मग पेटीतून कुठलेही पाच-सहा नग काढून नासवा. लॉट परत करावा लागला तर त्याआधीच कळलेलं बरं.

बोल्ट सिलात, म्हणजे बंदरावर ज्याला बॉटल सील किंवा ओटीएल (वन टाइम लॉक) म्हणतात त्यात, दोन भाग असतात: पिन आणि बुश. पिनच्या टोकाला खाच असते आणि बुशच्या पोटात स्प्रिंगची कडी. पिन दाबली की कडी फाकते आणि खाचेत बसते. दोन्ही भागांवर तोच नंबर, 'एच' ची खूण आणि उत्पादकाची खूण पाहिजे. व्हर्नियर घेऊन सिलाचा सगळ्यात रुंद भाग मोजा, १८ एमएमपेक्षा कमी नको. नंबर लेझरने कोरलेला घ्या. कापसाला थिनर लावून घासा, छापलेला असेल तर कापसावर उतरतो.

पुढची तपासणी कोणी करत नाही, पण करायला हवी. बुश व्हाइसमध्ये धरा, पिनचं डोकं ड्रिलच्या चकमध्ये पकडा आणि जोरात फिरवा. साध्या सिलात घर्षणाने आतली कडी झिजते किंवा तापून ढिली होते आणि पिन अलगद निघते. नंतर ते सील परत दाबून बसवलं की बाहेरून काही कळत नाही. फिरकीरोधक सिलात पिनचं टोक आणि बुशचं पोट एकमेकांत असं अडकतं की पिन बुशमध्ये फिरतच नाही. म्हणून ऑर्डरमध्ये "अँटी-स्पिन" हा शब्द लिहूनच घ्या. बुशवरचं प्लास्टिकचं कवच अखंड असावं, कारण नागड्या बुशला बारीक भोक पाडून आतली कडी उचलता येते आणि भोक शिशाने बुजवता येतं.

केबल सिलात तारेची जाडी, लांबी आणि वीण तिन्ही बघा. वीण अशी हवी की कापताच तारा फुलासारख्या विस्कटतील आणि परत भोकात जाणार नाहीत. कापूनही केबल तशीच गोळीबंद राहिली तर ते सील घेऊ नका.

तुमच्यासाठी माझं मत असं. निर्यातीला 'एच' बोल्ट. बत्तीस फुटीला 'एच' केबल, कारण त्या दारांची भोकं एका रेषेत येत नाहीत आणि बोल्ट सील शिरत नाही. शिरवायचं म्हणून भोक मोठं करणारे आहेत, पण त्याने कडीच कमजोर होते. पिवळी प्लास्टिकची सिलं टाकून देऊ नका, सॅम्पलच्या पेट्या, टोट बॉक्स आणि रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांना ती पुरतात. फक्त पुढच्या वेळी आत धातूची पकड असलेली घ्या. निव्वळ पॉलिप्रॉपिलीनची पकड लायटरने ऊब दिली की मऊ पडते आणि पट्टी मागे सरकते.

शिशाचं सील आणि तार अजून कोणी वापरत असेल तर बंद करा. पक्कडीचा ठसा कुठेही बनवून मिळतो.

---

सीएचए_उरण

निर्यातीपुरतं लिहितो. तिथे निवड सगळी तुमच्या हातात नाही.

फॅक्टरीत स्वतः सील करून माल पाठवणाऱ्यांना कस्टमने २०१७ पासून ई-सीलची पद्धत लावली. सीबीईसीची (कस्टमचं केंद्रीय मंडळ, आताचं सीबीआयसी) परिपत्रकं २६/२०१७ आणि ३६/२०१७. हे सील म्हणजे आरएफआयडी चिप बसवलेला एकदाच वापरायचा बोल्ट. त्यालाही आयएसओ १७७१२ चा 'एच' वर्ग लागतो, आणि चिप ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाचली जाते. म्हणजे रबाळेकरांनी सांगितलेल्या तपासण्या इथेही लागू आहेत. चिप आहे म्हणून पिन कमी प्रतीची चालते असं नाही.

ई-सील विकणारा ते कोणाला विकलं हे आयईसी नंबरासकट (आयात-निर्यातदाराचा कोड) नोंदवतो. त्यामुळे "आज आमचे संपले, शेजारच्या कारखान्यातून दोन आणा" हा प्रकार चालत नाही. साठा किमान महिनाभर पुढचा ठेवा. तुमचे महिन्याला २५ कंटेनर असतील तर ३५ च्या खाली येऊ देऊ नका. काही सिलं लावतानाच वाया जातात.

सील लावलं की ही माहिती चढवायची: आयईसी, शिपिंग बिलाचा नंबर आणि तारीख, ई-सीलचा नंबर, सील केल्याची तारीख आणि वेळ, कुठल्या कस्टम स्टेशनला जाणार, कंटेनर नंबर आणि ट्रेलरचा नंबर. चुका बहुतेक दोनच जागी होतात. कंटेनर नंबरातला शेवटचा, सातवा आकडा हा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून निघणारा चेक डिजिट असतो, तो लोक वगळतात किंवा अंदाजाने टाकतात. आणि ट्रेलरचा नंबर आदल्या दिवशी ट्रान्सपोर्टरने कळवलेला असतो, प्रत्यक्षात दुसरीच गाडी येते. ही माहिती गाडी गेटबाहेर पडायच्या आधी ताडा. बंदराच्या वाटेवर गव्हाण फाट्यावर पोचलेल्या गाडीचा नंबर दुरुस्त करायला लागला तर अख्खा दिवस जातो, कटऑफ (बंदरात माल घेण्याची शेवटची वेळ) हुकला तर जहाजही जातं.

बंदरावर रीडरने सील वाचलं आणि छेडछाड दिसली तर तपासणी अटळ. बऱ्याच ई-सिलांत चिपचं सर्किट पिनमधून गेलेलं असतं, पिनला तडा गेला की चिप मुकी होते. म्हणून हातोडीने ठोकायचं नाही. तळहाताने दाबा, 'टक' आवाज ऐका, मग बुश खाली ओढून बघा. 'टक' झाला नाही तर कडी आणि हँडल सपाट बसलेले नसतात. दार परत दाबून घ्या, सिलावर जोर काढू नका. चिपचा भाग बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा, मागे पत्रा आणि पुढे हँडलचा लोखंडी दांडा आला तर रीडरला तो सापडत नाही.

लाइनरचं, म्हणजे जहाज कंपनीचं, सील वेगळं. ते रिकाम्या कंटेनरबरोबर यार्डातून मिळतं आणि त्याचा नंबर बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) जातो. दोन्ही सिलं लावायची, दोन वेगळ्या कड्यांत. फॉर्म १३ (कंटेनर बंदरात आत नेण्याचा फॉर्म), शिपिंग बिल आणि बीएलचा ड्राफ्ट यांत कुठला नंबर कुठे लिहायचा याची अदलाबदल नेहमी होते. ती टाळायला लोडिंग शीटवर दोन वेगळे रकाने करा: 'लाइनर सील' आणि 'ई-सील'. नुसता 'सील नं.' असा एकच रकाना ठेवू नका.

कस्टमने तपासणीसाठी कंटेनर उघडला तर तुमचं सील कापलं जातं आणि नवं लागतं. त्या नव्या सिलाचा नंबर तुमच्या सीएचएकडून (कस्टमचं काम बघणारा एजंट) लेखी मागून घ्या आणि परदेशातल्या ग्राहकाला लगेच कळवा. नाहीतर तो तिकडे जुना नंबर शोधत बसतो आणि माल अडवून ठेवतो.

---

टँकर_तुर्भे

टँकरला कोणतं सील, याच्याआधी किती सिलं, हे ठरवा. प्रत्येक टँकरचा नकाशा काढून फाइलला लावा: प्रत्येक कप्प्याचं मॅनहोल झाकण, डिपची (पट्टी घालून पातळी मोजायची) तोंडं, खालचे डिस्चार्ज व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हपुढची टोपी, आणि जिथून हवा आत-बाहेर होते ती लाइन. आतला द्रव जिथून म्हणून निघू शकतो किंवा बाहेरून काही ओतता येईल, ती प्रत्येक जागा मोजायची. लोक खालचा व्हॉल्व्ह सील करतात आणि वरचं झाकण सोडतात. मग काढलेल्या मालाच्या जागी पाणी भरून वजन जुळवता येतं, आणि ते तुम्हाला काट्यावर कळत नाही, सांद्रता तपासल्यावर कळतं.

आता धातू. तुमच्या मालासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं.

कॉस्टिक लायला अ‍ॅल्युमिनियमचं सील लावू नका. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. जस्ताच्या ओतीव बॉडीची केबल सिलंही तिथे टिकत नाहीत. हायड्रोक्लोरिकच्या वाफेने जस्त, गॅल्व्हनाइज्ड तार आणि साधं पोलाद तिन्ही पोखरतात. नायलॉनचं खेचसीलही तीव्र अ‍ॅसिडने ठिसूळ होतं आणि वाटेतच आपोआप तुटतं. मग ते चोरीने तुटलं की अ‍ॅसिडने, हा वाद ड्रायव्हरशी घालत बसायचं. हायड्रोक्लोरिकला स्टेनलेससुद्धा भरवशाचं नाही, क्लोराइडने त्यालाही खड्डे पडतात.

या दोन्ही मालांना पॉलिप्रॉपिलीन टिकतं. म्हणून इथे मी उलटा सल्ला देईन: पकडीसकट सगळं पॉलिप्रॉपिलीनचं खेचसील घ्या, वर्ग 'आय' असला तरी चालेल. ताकद हवी तर ती झाकणाच्या कुलपाने आणा, आणि कुलूप वाफ लागणार नाही अशा जागी, झाकणाच्या पेटीबाहेर असू द्या. ऊब देऊन सरकवण्याचा धोका राहतो, म्हणून पट्टी अगदी ताणून बसवा आणि पोचल्यावर पकडीभोवती वितळल्याची चकाकी किंवा गाठ आहे का ते नखाने चाचपा.

सील लावायच्या आधी झाकणाची कड पाण्याने धुऊन पुसून घ्या. भरताना ओघळलेले चार थेंब सिलावर राहिले तर ते भिवंडीलाही पोचत नाही.

मॅनहोलच्या पाकळीच्या नटाला भोक नसेल तर नट आणि स्टड मिळून आरपार ३ एमएमचं भोक पाडून घ्या. सील नुसतं झाकणाच्या हँडलला गुंडाळून काही होत नाही, नट फिरवला की झाकण सुटतं.

---

तळोजा_डिस्पॅच

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या गेटवर उभ्या असलेल्या गाड्या आजच बघितल्या. कडीचे नट बाहेरूनच आहेत, आणि एका गाडीचे दोन नट बाकीच्यांपेक्षा नवे. ट्रान्सपोर्टरला लेखी कळवलं आहे.

आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. केबल किती लांबीची आणि किती जाडीची घ्यायची? दोन-तीन ठिकाणी उतरणाऱ्या गाडीत पुढची सिलं कोणाकडे द्यायची? आता ती ड्रायव्हरच्या पाकिटात असतात. आणि डेपोत नंबर जुळला नाही तर तिथल्या माणसाने नेमकं काय करायचं?

---

क्वालिटी_रबाळे

केबल दोन्ही दारांच्या आतल्या दोन उभ्या रॉडांना मिळून गुंडाळायची, नुसत्या कडीत नाही. मग कडीचे नट काढले तरी रॉड बांधलेलेच राहतात. त्यासाठी ३० सेंटिमीटरची केबल पुरत नाही. दोन रॉडांमधलं अंतर सुतळीने मोजा, एक पूर्ण वेढा आणि वर हाताला पकडायला १० सेंटिमीटर धरा. बहुतेक बत्तीस फुटींना ६० सेंटिमीटर लागते, काहींना त्याहून जास्त. जाडी ५ एमएम घ्या. बारीक केबलमध्येही 'एच' मिळतं, पण ५ एमएम कापायला मोठं हत्यार लागतं आणि वेळ जातो.

हँडलच्या कडीखालून, म्हणजे ज्या उंचीवर रॉडला ब्रॅकेट आहे त्याच्या लगेच वर वेढा घाला, नाहीतर तो रॉडवरून सरकतो. टोक ओढून घेतल्यावर वेढ्यात बोट शिरायला नको. ढिली केबल असली की हँडल तेवढ्यात अर्धं फिरतं. शेवटी टोक उलटं ढकलून बघा. एक मिलिमीटरही मागे गेलं तर सील बदला.

पावसाळ्यात एक जपा: चिखल आणि वाळू सिलाच्या तोंडात गेली की आतली पकड नीट बसत नाही. सिलं पेटीतून एकेक काढा, लोडिंग बेच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवू नका.

---

डेपो_भिवंडी

ड्रायव्हरच्या पाकिटातली सिलं आजच काढून घ्या. ज्याच्या ताब्यात गाडी त्याच्याच ताब्यात कोरी सिलं असतील तर त्या नंबरांना काही किंमत उरत नाही. कोणतंही सील कापून पुढच्या नंबराचं लावता येतं, कागद नंतर जुळवून घेता येतो.

पद्धत अशी ठेवा. कारखान्यातून निघताना एक सील, त्याचा नंबर मालाच्या चलनावर आणि पहिल्या डेपोच्या सुपरवायझरला थेट मेसेज, ड्रायव्हरमार्फत नाही. पहिल्या डेपोत तो नंबर ताडून कापायचा, माल उतरवायचा, आणि डेपोने आपल्या साठ्यातलं सील लावून त्याचा नंबर कारखान्याला आणि पुढच्या डेपोला कळवायचा. म्हणजे प्रत्येक डेपोला तुम्हीच आपल्या मालिकेतली सिलं द्यायची, वेगवेगळ्या रंगांची. तळोज्याचा रंग निळा आणि भिवंडीचा लाल असेल तर दुसऱ्या डेपोत निळं सील लागलेली गाडी आली की लांबूनच कळतं, पहिल्या डेपोत दार उघडलंच नाही किंवा उघडून चुकीचं सील लावलं.

साठा कुलपात. रजिस्टरमध्ये सील नंबर, गाडी नंबर, तारीख, वेळ, सील देणाऱ्याची आणि लावणाऱ्याची सही. देणारा आणि लावणारा एकच माणूस नको. लावताना वाया गेलेल्या सिलाचीही नोंद आणि त्याचे तुकडे रजिस्टरसोबत. महिनाअखेरीला दिलेली, वाया गेलेली आणि शिल्लक यांची बेरीज मिळाली नाही तर हरवलेल्या नंबरांची यादी सगळ्या डेपोंना पाठवा, त्या नंबराची गाडी आली तर थांबवायची.

फोटो चार: माल भरलेला उघड्या दारातून, डावं दार बंद, दोन्ही दारं बंद, आणि सील नंबर वाचता येईल असा जवळून. शेवटच्या फोटोत गाडीचा किंवा कंटेनरचा नंबरही आला पाहिजे. नुसत्या सिलाचा फोटो कुठल्याही गाडीचा असू शकतो.

डेपोत गाडी आली की सील बघा, नंबर कागदाशी नाही तर कारखान्याच्या मेसेजशी जुळवा, जोरात ओढा, आणि पिळून फिरवा. फक्त नंबर वाचणाऱ्याला अर्धवट बसलेलं सील कळत नाही. ओढल्यावर ते हातात येतं. बोल्ट सील लावताना पिन वरून आणि बुश खालून लावायची सवय ठेवा. पकड लागली नसेल तर बुश आपल्या वजनानेच खाली पडतो आणि गेटवरच कळतं.

जुळलं नाही तर सील कापायचं नाही. आधी फोटो, मग कारखान्याला फोन, मग ड्रायव्हरसमोर लिहायचं: कुठला नंबर अपेक्षित होता, कुठला आढळला, सील कुठल्या अवस्थेत होतं. त्यावर ड्रायव्हरची सही. मग कापून पूर्ण माल मोजायचा आणि तूट एलआरवर (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती) आणि पीओडीवर (माल पोचल्याची पावती) सही करण्याआधी लिहायची. "सील ओके" असा शिक्का मारून आत तूट लिहिली की विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. मोठी तूट वाटली तर माल हलवण्याआधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअरला गाडी जशीच्या तशी दिसली पाहिजे. ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीसही लगेच द्या. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ प्रमाणे माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत नोटीस गेली नसेल तर दावा चालत नाही, आणि कारखाना आणि डेपो एकमेकांना मेल पाठवत बसले की ही मुदत कशी निघून जाते ते कळत नाही.

कापायला बोल्ट सिलासाठी ३६ इंची बोल्ट कटर घ्या. २४ इंचीने दोन माणसं लोंबकळतात आणि पिन अर्धवट चेपते. कापताना पिनचं टोक गोळीसारखं उडतं, म्हणून डोळ्यांना गॉगल हवाच आणि समोर कोणी उभं नको. केबल सिलाला तारेचा कटर वेगळा घ्या, बोल्ट कटरने केबल चेपते, कापत नाही. कापलेले दोन्ही तुकडे पिशवीत घालून त्यावर गाडीचा नंबर लिहा आणि दाव्याची मुदत संपेपर्यंत ठेवा. नंतर भंगारात देण्याआधी बुश हातोडीने चेपून टाका. चांगला बुश भंगारातून उचलून दुसऱ्या पिनेवर चढवला जातो, आणि त्यावर तुमचाच नंबर असतो.

---

तळोजा_डिस्पॅच

दोन रंगांची मालिका आणि ६० सेंटिमीटरची केबल, दोन्हींचं कोटेशन मागवते. टँकरचा नकाशा उद्यापासून. तुर्भेकरांना एकच विचारायचं राहिलं: हायपोक्लोराइटच्या टँकरलाही पॉलिप्रॉपिलीनच का?

---

टँकर_तुर्भे

हो, एका फेरीपुरतं पॉलिप्रॉपिलीनच. पण हायपो ऑक्सिडायझर आहे, त्याच्या सहवासात आणि उन्हात प्लास्टिक हळूहळू कडक होतं. त्यामुळे टँकरच्या टूलबॉक्समध्ये पडून राहिलेलं जुनं सील लावू नका, प्रत्येक वेळी स्टोअरमधलं नवं घ्या. आणि हायपोच्या टँकरला हवेची वाट कधीही सिलाने बंद करू नका. हायपोतून सतत ऑक्सिजन सुटत असतो, उन्हात जास्तच. सील लावायचं ते हवेच्या व्हॉल्व्हच्या बॉडीच्या बोल्टांना, म्हणजे व्हॉल्व्ह खोलता येणार नाही पण श्वास घेत राहील.